हापसा गावकरी मोडत नाहीत

“गावातल्या लोकांना कशाची किंमत नसते, म्हणून हापसे मोडतात.” हे वाक्य सरकारी कचेरीपासून शहरातल्या दिवाणखान्यापर्यंत कुठेही ऐकू येतं. गावपाण्याबद्दलचा हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात अन्यायकारक गैरसमज. तो खोटा असल्याचा पुरावा सुमारे पन्नास वर्षांपूर्वी जालना-सोलापूरकडच्या कारागिरांनी लोखंडात घडवून ठेवला आहे.

1960च्या दशकाच्या अखेरीस युनिसेफच्या मदतीने कठीण खडक फोडणारी यंत्रं देशात आली. 1972च्या दुष्काळानंतर विंधन विहिरी झपाट्याने वाढल्या. त्यांवर बसवलेले पंप मात्र बिडाचे होते, युरोप-अमेरिकेतल्या घरगुती नमुन्यांवरून उचललेले. एका कुटुंबाने दिवसातून काही वेळा हापसावं, एवढाच भार त्यांनी सोसायचा होता. इथे त्यांच्यापुढे पहाटेपासून अंधार पडेपर्यंत अख्खं गाव हंडे घेऊन उभं राहिलं. दांडा तिरका ओढला जाई, सांधे झिजत, बीड तडके. 1970च्या दशकाच्या मध्यावर पाहणी झाली तेव्हा बहुतांश पंप बंद सापडले.

जालन्यातल्या एका मिशनच्या कार्यशाळेने बीड सोडून पोलादी पंप घडवला. सोलापुरात त्यात मोलाची सुधारणा झाली. दांडीच्या टोकाला कमानदार भाग आणि साखळी बसवल्यामुळे आतला दांडा सरळ उभ्या रेषेत वर-खाली होऊ लागला, आणि सांध्यात बंद बेअरिंग आलं. याच सोलापूर पंपाच्या पायावर 1970च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘इंडिया मार्क टू’ तयार झाला. तो देशभर लाखोंनी बसला, आफ्रिकेतल्या खेड्यांतही गेला. हापसणारे लोक तेच होते, गर्दीही तीच होती. पंप बदलला आणि टिकला.

त्यातही एक उणीव राहिलीच होती. आतला वायसर झिजला की सगळे पाइप वर काढावे लागत. त्यासाठी तालुक्याहून गाडी आणि दुरुस्ती पथक यायला हवं, आणि तोवर बायका दुसऱ्या विहिरीच्या वाटेला लागणार. पुढे ‘मार्क थ्री’त पाइप न काढता दट्ट्या वर घेण्याची सोय झाली, म्हणजे किरकोळ दुरुस्ती गावातच करता येईल अशी. ‘गावाला देखभाल जमत नाही’ असं म्हणण्याआधी ती जमेल असं यंत्र आपण गावाला दिलं आहे का, हे विचारलंच पाहिजे.

“बोअर खोल घ्या, पाणी लागेलच,” हा दुसरा भ्रम, आणि तो गावातही तितकाच पक्का आहे. महाराष्ट्राचा सुमारे 80 टक्के भाग बेसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा. या दगडात पाणी साठतं ते मुख्यतः वरच्या मुरमाड, झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये. भेग लागली नाही तर कितीही खाली जा, नुसती धूळ वर येते. लागली तरी तिच्यातलं पाणी एकट्या नळयोजनेचं नसतं. एप्रिलमध्ये योजनेची विहीर तळाला जाते, तेव्हा बऱ्याचदा शेजारच्या शेतांतल्या मोटारी त्याच थरातून ऊस भिजवत असतात. पिण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेता येणार नाही, असं राज्याच्या 1993च्या कायद्याने सांगितलं होतं. पुढे 2009चा अधिक व्यापक कायदा आला. पण हे अंतर प्रत्यक्ष मोजायला गावात कोणी टेप घेऊन जात नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने कायद्याची वाट पाहिली नाही. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस आणि केळी लावायची नाही, आणि पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडल्यावरच पिकं ठरवायची, असे निर्णय ग्रामसभेने घेतले. प्यायचं पाणी आधी, ही गोष्ट तिथे ताळेबंदातच बसवलेली आहे.

“नळ आला म्हणजे पाणी आलं.” जलजीवन मिशन 2019 साली सुरू झालं तेव्हा देशातल्या सुमारे 3.23 कोटी ग्रामीण घरांत नळ होता. सरकारी आकड्यांनुसार 2024 अखेर ही संख्या 15 कोटींच्या पुढे गेली. काम मोठं आहे, ते नाकारण्याचं कारण नाही. पण हा आकडा जोडण्यांचा आहे. ठरलेलं माणशी रोज 55 लिटर पाणी मे महिन्यातही येतं का, हा प्रश्न त्याच्यापुढचा आहे. 2025च्या अर्थसंकल्पात मिशनची मुदत 2028पर्यंत वाढवताना देखभालीवर भर देण्याचं जाहीर झालं, ते त्यामुळेच महत्त्वाचं.

“लोक पाणीपट्टी बुडवतात.” काही बुडवतातही. पण साखळी सुरुवातीपासून पाहायला हवी. मोटार जळते, महिनाभर पाणी येत नाही, न आलेल्या पाण्याचे पैसे लोक देत नाहीत, वीजबिल थकतं, जोडणी तुटते. हीच माणसं टंचाईत खासगी टँकरवाल्याला रोख पैसे मोजतात. पाणी ठरल्या वेळी आलं तर बहुतेक घरं पाणीपट्टी भरतील, असं मला ठामपणे वाटतं.

“पाणी नितळ आहे, म्हणजे चांगलंच.” यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत नितळ पाण्यातच फ्लोराइड आहे. ते उकळून जात नाही, त्यासाठी स्रोतच बदलावा लागतो किंवा शुद्धीकरण यंत्र बसवावं लागतं. जंतूंसाठी टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर असते, पण पोतं उघडं पडलं की तिच्यातला क्लोरीन उडत जातो आणि उरते पांढरी भुकटी. ही पावडर किती आणि केव्हा टाकायची, क्लोरीन तपासणाऱ्या ओटी चाचणीत पिवळा रंग दिसतो का, रात्री कुठला व्हॉल्व्ह फिरवायचा, हे सगळं सांभाळतो गावातला पाणी सोडणारा कर्मचारी. योजनेच्या अंदाजपत्रकात पाइपचा, टाकीचा, मोटारीचा दर लिहिलेला असतो. या कर्मचाऱ्याचं तुटपुंजं मानधन मात्र ग्रामपंचायतीच्या वसुलीवर सोडलेलं असतं, आणि वसुली अडली की सगळ्यात आधी तेच थांबतं.