पोलीस दलांचा खर्च आणि त्याचे न्याय्य वाटप

रायपूर शहराच्या जुन्या भागात ब्राह्मणपारा नावाची वस्ती आहे. छत्तीसगढी बोलीत 'पारा' म्हणजे आळी किंवा मोहल्ला. लगतच्या तात्यापारा या वस्तीचे नावही मराठी वाचकाला परके वाटणार नाही. येथे घरे दाटीने वसलेली आहेत आणि आझाद चौकातील पोलीस ठाणे पायी जाण्याच्या अंतरावर आहे. याच राज्याच्या दक्षिणेस बस्तरचा प्रदेश पसरलेला आहे. पूर्वीचा अविभाजित बस्तर जिल्हा केरळ राज्याहूनही क्षेत्रफळाने मोठा होता. तेथील कित्येक गावांना ठाणे गाठण्यासाठी जंगल आणि नदीनाले ओलांडावे लागत आले आहेत. ब्राह्मणपाऱ्यातील शिपाई आणि बस्तरमधील शिपाई यांचा पगार मात्र एकाच राज्याच्या तिजोरीतून निघतो. ही तिजोरी पुरेशी नसेल, तर उरलेला भार कोणी आणि कोणत्या मापाने उचलावा, हा प्रस्तुत प्रकरणाचा विषय आहे.

खर्चाचा जुना इतिहास

हा प्रश्न नवा नाही. १८१८ साली कर्नल अ‍ॅग्न्यू याने छत्तीसगढचे ठाणे रतनपूरहून रायपूरला हलविले. त्या काळी हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा होता. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला. त्याच वर्षी संमत झालेल्या पोलीस कायद्याने पगारी, गणवेशधारी दलाची घडी बसविली. परंतु खेड्यांत राखणीचे काम पूर्वीप्रमाणे कोतवारच करीत राहिला आणि त्याचा निर्वाह गावाने दिलेल्या जमिनीवर व शेतकऱ्यांकडून मिळणाऱ्या धान्यावर होत राहिला. म्हणजे शहराच्या बंदोबस्ताचा खर्च सरकारचा आणि खेड्याच्या राखणीचा खर्च खेड्याचाच, अशी विभागणी प्रारंभापासूनच होती.

या कायद्याच्या पंधराव्या कलमात आणखी एक तरतूद होती. एखादा भाग अशांत ठरविला गेला, की तेथे जादा पोलीस ठेवावेत आणि त्यांचा खर्च तेथील रहिवाशांकडून वसूल करावा. जेथे संरक्षणाची गरज अधिक तेथील लोकांनी अधिक मोल द्यावे, असा या तरतुदीचा अर्थ होतो. स्वतंत्र भारताने ही दृष्टी तत्त्वतः सोडून दिली. सुरक्षितता हा नागरिकाचा हक्क मानला, तर तिचा भार सर्वांनी मिळून वाहिला पाहिजे.

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर आणि रायपूर एकाच राज्यात होती व त्यांचे पोलीस दलही एकच होते. त्या दिवशी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि रायपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ हे स्वतंत्र राज्य झाले आणि रायपूर त्याची राजधानी बनली.

मदतीचे तीन मार्ग

भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलीस हे विषय राज्यांकडे आहेत. दुसऱ्या बाजूने, प्रत्येक राज्याचे अंतर्गत अशांततेपासून संरक्षण करणे हे संघराज्याचे कर्तव्य असल्याचे अनुच्छेद ३५५ सांगतो. जबाबदारी अशी दुहेरी असल्यामुळे पैशाची वाटही दुहेरी झाली आहे.

पहिला मार्ग वित्त आयोगाचा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी केंद्रीय करांच्या वाटपयोग्य रकमेतील ४१ टक्के वाटा राज्यांना दिला. त्याच्या सूत्रात लोकसंख्येला १५, क्षेत्रफळाला १५, वने व पर्यावरणाला १० आणि राज्याच्या उत्पन्नातील तुटीला ४५ टक्के वजन होते. विरळ वस्तीच्या व वनाच्छादित राज्याला यातून काही न्याय मिळतो. तथापि, पोलीस बंदोबस्ताची गरज हा स्वतंत्र निकष या सूत्रात नव्हता.

दुसरा मार्ग पोलीस दलांच्या आधुनिकीकरणाचा. १९६९ साली सुरू झालेल्या या योजनेतून वाहने, संपर्कयंत्रणा, शस्त्रे व इमारती यांसाठी साहाय्य मिळत आले आहे. योजनेच्या अलीकडील स्वरूपात बहुतेक राज्यांसाठी केंद्राचा हिस्सा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के, तर ईशान्येकडील व हिमालयीन राज्यांसाठी हे प्रमाण ९० आणि १० असे ठेवण्यात आले. महाराष्ट्र आणि छत्तीसगढ ही दोन्ही राज्ये पहिल्या गटातच मोडतात. साठ रुपये मिळविण्यासाठी आधी स्वतःचे चाळीस रुपये उभे करावे लागतात, आणि हे चाळीस रुपये सधन राज्याला जितके सहज वाटतात तितके निर्धन राज्याला वाटत नाहीत.

तिसरा मार्ग सुरक्षाविषयक खर्चाच्या प्रतिपूर्तीचा. नक्षलवादी हिंसाचाराने ग्रासलेल्या जिल्ह्यांसाठी ही योजना १९९६ पासून राबविण्यात आली. प्रतिपूर्ती याचा अर्थ असा, की राज्याने प्रथम खर्च करावयाचा आणि मग तो परत मागावयाचा. याशिवाय केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या तुकड्या राज्यात आल्या, तर त्यांच्या खर्चाची आकारणी राज्यावर होते. हा भार केंद्राने सोसावा, अशी मागणी छत्तीसगढच्या सरकारने वेळोवेळी केली.

एक जंगल, दोन तिजोऱ्या

ही विषमता समजण्यासाठी इंद्रावती नदीचे उदाहरण उपयुक्त आहे. काही अंतरापर्यंत ही नदी महाराष्ट्राचा गडचिरोली जिल्हा आणि छत्तीसगढ यांची सीमा बनते. दोन्ही तीरांवर जंगल तेच, गोंड व माडिया लोकांची वस्ती तीच आणि हिंसाचाराचे स्वरूपही पुष्कळसे तेच होते. गडचिरोलीच्या मागे मात्र मुंबई-पुण्याच्या उद्योग-व्यापारातून येणारा महसूल उभा आहे. १९९० मध्ये महाराष्ट्राने तेथे सी-६० हे विशेष दल उभारले. छत्तीसगढला असा आधार नव्हता. २०११ च्या जनगणनेनुसार तेथे दर चौरस किलोमीटरला १८९ माणसे राहत होती, तर महाराष्ट्रात ३६५. माणसे विरळ असली की ठाणी, रस्ते व वाहने यांचा दरडोई खर्च वाढत जातो.

अपुऱ्या दलाची उणीव स्वस्तात भरून काढण्याचा मोह कोठे नेतो, हेही छत्तीसगढमध्येच दिसून आले. बस्तरच्या आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी म्हणून महिना सुमारे ३,००० रुपये मानधनावर नेमण्यात आले. त्यातील ८० टक्के भाग केंद्राकडून येत असे. जेमतेम शिक्षण आणि अल्प प्रशिक्षण एवढ्या बळावर त्यांना सशस्त्र संघर्षात पुढे ढकलण्यात आले. ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धती समता व जीविताच्या हक्कांचा भंग करणारी असल्याचा निर्णय दिला आणि अशा भरतीसाठी निधी देणे तत्काळ थांबविण्याचा आदेश केंद्राला दिला. त्यानंतर राज्याने कायदा करून या तरुणांना साहाय्यक दलात सामावून घेतले. तरीही वेतनातील तफावत उरलीच. २०२१ च्या डिसेंबरात पोलिसांच्या कुटुंबीयांनी रायपूरला येऊन आंदोलन केले.

न्याय्य वाटपाची कसोटी

आता प्रश्नाला नवे वळण लागले आहे. प्रतिपूर्ती योजनेतील जिल्ह्यांची संख्या २०१८ मध्ये १२६ वरून ९० वर, २०२१ मध्ये ७० वर आणि २०२४ मध्ये ३८ वर आली. हिंसाचार ओसरला ही समाधानाची गोष्ट होय. परंतु ज्या मदतीचे माप हिंसाचार हेच असते, ती शांततेबरोबर आटत जाते. ठाण्याची इमारत, शिपायाचा पगार आणि गोंडी जाणणारा अंमलदार यांची गरज मात्र शांततेच्या काळातच अधिक असते. कारण लोकांचा विश्वास संपादन करण्याचे काम तेव्हाच सुरू होते.

यावरून वाटपाच्या तीन कसोट्या निघतात. पहिली, गरज मोजताना लोकसंख्येबरोबर अंतर आणि दुर्गमता यांचाही हिशेब व्हावा. दुसरी, राज्याचा हिस्सा त्याच्या ऐपतीनुसार ठरावा. तिसरी, साहाय्य अनेक वर्षांसाठी निश्चित असावे; ते केवळ संकटाच्या तीव्रतेवर अवलंबून नसावे. ब्राह्मणपाऱ्यातील रहिवाशाला ठाण्याची जी जवळीक सहज लाभते, ती अबुझमाडच्या डोंगरातील माणसाला मिळवून देण्यास अधिक पैसा लागतो. तो अधिक पैसा खर्च करणे म्हणजे पक्षपात नव्हे. समान संरक्षणाची ती किंमत आहे.