ड्रायरला गॅस जोडताना

अमेरिकेत कपडे वाळवायचं मशीन घ्यायला गेलं की पहिला प्रश्न येतो: विजेचं की गॅसचं? न्यू जर्सीत फर्नेसपर्यंत गॅसची लाइन बहुतेक घरांत आलेलीच असते, आणि गॅसचा ड्रायर चालवायला सहसा स्वस्त पडतो. त्याला १२० व्होल्टचं साधं सॉकेट पुरतं, विजेच्याला मात्र २४० लागतात. आमचं मशीन बेसमेंटमध्ये येऊन पडलं आणि जोडणीसाठी परवानाधारक प्लंबर बोलावला. मी शेजारी उभा राहून पाहत होतो.

त्याने आधी कॉक फिरवला. दांडी पाइपला आडवी म्हणजे गॅस बंद, पाइपच्या रेषेत म्हणजे चालू. मग जुनी लवचिक नळी सोडवली आणि सरळ कचऱ्यात टाकली. दिसायला चांगली होती, पण मशीन नवं तर नळीही नवीच. पूर्वी बिनलेपाच्या पितळी नळ्या सर्रास वापरत. त्यांचे सांधे काळानुसार कमकुवत होऊन आगी लागल्या, तेव्हा अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने त्या बदलून घ्यायचा इशारा दिला होता. आता मिळते ती स्टेनलेस स्टीलची, बहुधा पिवळ्या लेपाची.

खरी गंमत सांध्यांत आहे. निमुळत्या आट्यांवर त्याने गॅससाठीची पेस्ट लावली, कारण आट्यांमधल्या फटी नुसतं आवळून बुजत नाहीत. नळीच्या फ्लेअर टोकाला मात्र काहीच लावलं नाही. तिथे धातूचा शंकू धातूच्या शंकूवर घट्ट बसतो आणि तेवढ्यानेच गॅस अडतो. हौशी माणूस सावधगिरी म्हणून तिथेही टेप गुंडाळतो आणि नेमका तोच सांधा बिघडवतो. आवळताना दोन पाने: एकाने पाइप धरायचा, दुसऱ्याने नट फिरवायचा. नाहीतर मागचा, आधीच बसलेला सांधा पिळला जातो.

कॉक उघडल्यावर त्याने प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावलं आणि तो थांबला. फुगे आले नाहीत. नाकावर भरवसा का नाही? नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो, तो मुद्दाम मिसळलेला असतो. १९३७ साली टेक्सासमधल्या न्यू लंडनच्या शाळेत वास नसलेला गॅस साठून स्फोट झाला, सुमारे तीनशे जण दगावले. त्यानंतर तिथे वास मिसळण्याची सक्ती आली. आपल्याकडच्या सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. हा नैसर्गिक वायू हलका, छताकडे जातो. प्रोपेनवर चालणारं घर असेल तर ड्रायरच्या बर्नरचं छिद्रही बदलावं लागतं.

धुराची नळी चार इंची, धातूची, थेट घराबाहेर. प्लास्टिकची नको, आणि आत टोकं घुसणारे स्क्रूही नकोत, कारण त्यांवर कपड्यांचा तंतुमय कचरा अडकतो आणि तोच पेटतो.

पहिल्यांदा चालू केल्यावर बर्नर पेटेना. लाइनमध्ये हवा अडकलेली असते, त्यामुळे दोनतीनदा असं होतंच. मग निळी ज्योत आली.

मशीन भिंतीकडे परत ढकलताना नळी चेपली जात नाही ना, एवढं जरूर पाहा. आणि कधी वास आलाच, तर दिव्याच्या बटनाला हात लावू नका. घराबाहेर पडा, आणि गॅस कंपनीला फोन बाहेरूनच करा.