गोळ्यांच्या खर्चाला अखेर मर्यादा

अमेरिकेत ६५ वर्षांवरील लोकांसाठी मेडिकेअर ही सरकारी विमा योजना १९६५ साली मंजूर झाली. रुग्णालयाचा आणि डॉक्टरांचा बराचसा खर्च तिने उचलला. घरी घ्यायच्या रोजच्या गोळ्यांचा भार मात्र रुग्णाच्याच खिशावर राहिला. त्यासाठीचा ‘पार्ट डी’ सुरू व्हायला २००६ उजाडले. तोही अपुराच. औषधकंपन्यांशी किमतीची घासाघीस करायला सरकारला पार्ट डीच्या कायद्याने मनाई केली होती! कोट्यवधी ग्राहक पाठीशी असून भाव करायचा नाही, ही तरतूद अन्यायाचीच होती.

ऑगस्ट २०२२ च्या कायद्याने निवडक औषधांपुरती ती मनाई उठवली. २०२३ पासून पार्ट डीमध्ये इन्सुलिनसाठी महिन्याला ३५ डॉलरहून जास्त द्यावे लागत नाहीत. २०२५ पासून पार्ट डीमधल्या औषधांसाठी पदरचा खर्च वर्षाला २,००० डॉलरवर थांबतो (विम्याचा हप्ता वेगळा). २०२६ साठी हा आकडा २,१०० आहे. कर्करोगाच्या महागड्या गोळ्या घेणाऱ्यांना याचे मोल विचारावे. वाटाघाटीने ठरलेले पहिल्या १० औषधांचे दर १ जानेवारी २०२६ पासून लागू झाले. मधुमेहावरील जानुव्हियाची महिन्याची मूळ किंमत ५२७ डॉलर होती. मेडिकेअरसाठी ती ११३ झाली.

मुलांकडे कायमचे राहायला जाणाऱ्या मराठी आईवडिलांनी एक ध्यानात ठेवावे : तिथे नोकरी केलेली नसेल, तर ग्रीनकार्ड असूनही मेडिकेअर घेण्यासाठी सहसा सलग ५ वर्षांचे वास्तव्य लागते. तोवरच्या औषधांची सोय निघण्यापूर्वीच करावी.