काळा पाषाण कसा ओळखावा?

कोकणात ‘कातळ’ हा शब्द दोन भिन्न पाषाणांना लावला जातो: ज्वालामुखीजन्य बेसाल्ट आणि जांभा. रत्नागिरी जिल्ह्यात भारजा नदीच्या मुखाशी वसलेल्या केळशीच्या परिसरात हे दोन्ही आढळतात. उन्हापावसाने जांभ्याचा सडाही काळवंडतो. म्हणून केवळ रंगावरून निर्णय करणे योग्य नव्हे. लेण्यांच्या अभ्यासकाने तर हा भेद आधी जाणून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

बेसाल्टची खरी ओळख त्याच्या ताज्या भंगावर पटते. आतून तो करडा-काळा व घट्ट असून त्याचे कण नुसत्या डोळ्यांना वेगळे दिसत नाहीत. तो आकाराच्या मानाने जड, पाण्याच्या सुमारे 2.9 पट, असतो. त्यात मॅग्नेटाइट असल्याने दोऱ्याला टांगलेले लोहचुंबक त्याच्याकडे किंचित ओढले जाते. काही थरांत वायूच्या बुडबुड्यांनी झालेल्या पोकळ्या दिसतात. पुष्कळदा त्या पांढऱ्या झिओलाइटने भरलेल्या असतात. जांभा मात्र आतून तांबूस-पिवळा व सच्छिद्र असतो आणि त्याचे चिरे सहज काढता येतात.

या भेदाचे कारण दोहोंच्या उत्पत्तीत आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून लाव्हा वाहिला व थरावर थर साचले. लाव्हा लवकर थंड झाल्याने स्फटिकांना वाढण्यास अवधी मिळाला नाही. पुढे उष्ण व दमट हवेत हाच बेसाल्ट कुजला, त्यातील सिलिका पाण्याबरोबर निघून गेली आणि लोह व ॲल्युमिनियम मागे राहिले. तोच जांभा. म्हणजे दोघांचे कूळ एकच.

केळशीच्याच दापोली तालुक्यातील पन्हाळेकाजीची 29 लेणी बेसाल्टमध्ये कोरलेली आहेत. कोकणातील प्रसिद्ध कातळशिल्पे मात्र मुख्यत्वे जांभ्यावर आहेत. लेणे कोरणाऱ्यास घट्ट थर पारखावा लागे, भेगा टाळाव्या लागत. हे ज्ञान ग्रंथांतले नव्हे, हातांतले होते. कान्हेरीच्या चैत्यगृहातील शिलालेखात अशा कारागिरांचा ‘सेलवढकी’ म्हणून उल्लेख आहे. पालीत ‘सेल’ म्हणजे पाषाण व ‘वड्ढकी’ म्हणजे सुतार. दात्यांसह श्रमिकांचीही नोंद तेथे झाली, हे विसरता कामा नये.

वाचकांनी ताजा भंग खाणीत किंवा रस्त्याच्या कडेच्या दरडीत पाहावा. लेण्याच्या भिंतीवर हातोडी कधीही चालवू नये.