जनुकांच्या पाऊलखुणा – भाग ९ : घशात उगवणारे दात

रोहू किंवा कटला घरी साफ करणाऱ्याने त्याचं तोंड एकदा उघडून पाहावं. जबड्यावर एकही दात नाही. दात आहेत ते पार मागे, घशात, कल्ल्यांच्या शेवटच्या कमानीवर. झेब्रा मासा याच गोतावळ्यातला. मूळचा गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांतला, बोटाएवढाही नसलेला हा मासा आज जगभरच्या प्रयोगशाळांत वाढतो, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही. या गटाचे जबड्यावरचे दात किमान ५ कोटी वर्षांपूर्वी गेले. पण दात गेले म्हणजे नेमकं काय गेलं?

झेब्रा माशाचा भ्रूण पारदर्शक असतो, त्यामुळे दात येताना पाहता येतात. फलनानंतर साधारण ४८ तासांनी घशात दोन्ही बाजूंना पहिला दंतांकुर धरतो. वाढलेल्या माशाला प्रत्येक बाजूला तीन रांगांत ११ दात असतात, आणि ते जन्मभर पडत-उगवत राहतात.

जनुक जिथे चालू असेल तिथे जांभळट डाग उमटवणारी पद्धत आपण मागे पाहिली. ती इथे वापरली की अंकुराच्या जागी ‘डीएलएक्स-२बी’ हे जनुक दिसतं. जबड्यावर त्याचा मागमूस नाही. जनुक तर तिथल्या पेशींतही आहेच. पण घरात पेटी असणं वेगळं आणि ती वाजणं वेगळं.

वाजवणाऱ्यांपैकी एक सापडला आहे. पेशी शेजारच्या पेशींना ‘एफजीएफ’ नावाच्या प्रथिनांतून निरोप धाडतात. विल्यम जॅकमन, डेव्हिड स्टॉक आणि सहकाऱ्यांनी २००४ साली हा निरोप रसायनाने अडवला, तेव्हा घशातही दात धरले नाहीत.

पण मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो जॅकमन आणि स्टॉक यांचा २००६चा प्रयोग. डीएलएक्स-२बी दातात चालू करणारा डीएनएचा एक तुकडा या जनुकाजवळच असतो. झेब्रा माशाचा तो तुकडा त्यांनी हिरव्या चकाकणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाला जोडला आणि मेक्सिकन टेट्रा या माशाच्या भ्रूणात घातला. टेट्राला घशात दात असतात, तसे जबड्यावरही. घशातले अंकुर हिरवे झाले, यात नवल नव्हतं. जबड्यावरचेही झाले! ज्याच्या वंशाने कोट्यवधी वर्षं जबड्यावर दात पाहिलेला नाही, त्याच्या डीएनएला तो दात अजून ओळखता येतो. कारणही पटण्यासारखं आहे: घशातल्या दातांसाठी तोच तुकडा पिढ्यानपिढ्या लागत राहिला, म्हणून तो झिजला नाही. म्हणजे जनुक शाबूत, त्याचा चालक तुकडाही शाबूत. हरवला असावा तो जबड्यावर येणारा निरोप.

गेलेला अवयव उत्क्रांतीत परत येत नाही, हा लुई डोलो यांचा नियम पाठ्यपुस्तकांत ठामपणे सांगतात. मला तो ठामपणा आता पटत नाही. स्टॉक यांच्याच गटाने २०१४ साली झेब्रा माशात ‘ईडीए’ या जनुकाचं प्रमाण वाढवलं, तर घशाच्या वरच्या बाजूलाही दात आले. ती जागाही या माशांनी कधीच गमावलेली होती.

याच ईडीएत बिघाड झाला की माणसाला दात मोजकेच येतात आणि घामही जेमतेम येतो. सिंधमधल्या एका कुटुंबात चार पिढ्यांत असे दहा पुरुष झाल्याची नोंद डार्विनने १८७५ साली केली आहे. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. पुढचा भाग त्या कुटुंबाविषयी.