मत्स्य-कूर्मांचें बिऱ्हाड

दशावतारांच्या चित्रांत मत्स्य आणि कूर्म शेजारीं शेजारीं असतात. त्यांना दिवाणखान्यांतही एकाच कांचपेटींत नांदवावें, एका अंगास पाणी आणि मासे, दुसऱ्या अंगास माती, दगड, नेचे व त्यांवर ऊन खात बसलेलें कासव किंवा सरडा, अशी हौस अलीकडे सुशिक्षित घरांतून दिसूं लागली आहे. हौस वाईट नाहीं. मुलें चलचित्रांच्या पडद्याऐवजीं जिवंत प्राण्याकडे तासभर पाहत बसलीं, तर घरांतील वडीलधाऱ्यांना तें हवेंच असतें. मात्र पेटी बांधावयास घेण्यापूर्वीं तींत कोणी राहावयाचें हा प्रश्न सोडविला पाहिजे. कांच, दगड आणि झाडें यांचा विचार त्यानंतरचा. पुष्कळ घरीं हा क्रम उलटा होतो.

मासे पाहण्याची आवड आपल्याकडे जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकांतील ग्रंथांत राजाच्या करमणुकींमध्यें ‘मत्स्यविनोद’ आहे. माशांच्या जाती, त्यांस घालावयाचें अन्न, हें सारें त्यांत आलें आहे. पण राजाचा तो विनोद अखेर गळापाशीं जाऊन थांबतो! कांचपेटीची कल्पना युरोपांतली. लंडनचे वैद्य नॅथॅनियल वॉर्ड यांनीं १८२९ च्या सुमारास एका बंद बाटलींत पतंगाचा कोश ठेवला होता. तींतील ओलसर मातींत नेचा आपोआप उगवला आणि टिकला. त्यावरून त्यांनीं वनस्पतींसाठीं बंद पेट्या करविल्या. १८५३ मध्यें लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत सार्वजनिक मत्स्यालय उघडलें, आणि पुढच्याच वर्षीं फिलिप गॉस यांच्या पुस्तकानें ही हौस मध्यम वर्गाच्या घरांत नेली.

आतां कासवाविषयीं. आपल्या तलावांत सांपडणारें मऊ पाठीचें कासव, पाठीवर ताऱ्यांची नक्षी असलेलें जमिनीवरील कासव आणि घोरपड, हे तीनही प्राणी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचींत आहेत. ते घरांत बाळगणें हा गुन्हा आहे. २०२२ सालीं झालेल्या व १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आलेल्या दुरुस्तीनंतर पहिल्या अनुसूचींतील प्राण्यांबाबत तीन ते सात वर्षे कैद आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे. “देवाचें कासव आहे, लक्ष्मी येते,” हा बचाव न्यायालयांत चालावयाचा नाहीं. कूर्मावर खरी श्रद्धा असेल त्यानें तर त्याला पेटींत घालण्यापूर्वीं दोनदां विचार करावा.

यावर दुकानदाराचें उत्तर तयार असतें. कानामागें तांबडा पट्टा असलेलें, तळहातावर मावणारें हिरवें कासव तो पुढें करतो. हें अमेरिकेंतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यांतलें. तें चिमुकलें राहत नाहीं. वीतभराहून मोठें होतें आणि वीस-तीस वर्षे जगतें. सात वर्षांच्या नातवाच्या हट्टासाठीं आणलेलें कासव त्या नातवाच्या लग्नांतही घरांत असावयाचें! मध्यंतरीं त्याचा कंटाळा आला, कीं लोक तें रात्रीं जवळच्या तलावांत सोडून येतात. तेथें तें देशी कासवांचें अन्न व ऊन खाण्याच्या जागा बळकावतें. जगांतील सर्वांत उपद्रवी अशा शंभर परकीय जीवांच्या यादींत त्याचें नांव आहे. शिवाय त्याच्या अंगावर व पाण्यांत साल्मोनेला नांवाचे, आंतड्याचा विकार करणारे जंतु असूं शकतात. याच कारणास्तव अमेरिकेनें १९७५ मध्यें चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांची विक्री बंद केली. ज्या घरांत एकाच वेळीं रांगणारें मूल आणि ऐंशीच्या घरांतील आजी आहेत, त्या घरानें ही गोष्ट हलकी लेखूं नये.

कायदा आणि आरोग्य बाजूस ठेवलें तरी हा संसार एका पेटींत जमत नाहीं. कासव लहान मासे खातें आणि पाणी इतकें घाण करतें, कीं उरलेल्या माशांचा जीव मेटाकुटीस येतो. त्याला उन्हांतील ज्या अदृश्य किरणांनीं हाडें व कवच कठीण करणारें ‘ड’ जीवनसत्त्व मिळतें, ते किरण खिडकीच्या कांचेतून येत नाहींत. म्हणजे कांचेआड उन्हांत बसलेलें कासव ऊब घेतें, पण त्याचें कवच मऊ पडत जातें. सरड्यास किंवा परदेशी पालीस रोज जिवंत किडे घालावे लागतात. ज्या घरांत मुंग्यांना साखर घालण्याची रीत आहे, तेथें हें काम कोणी करावयाचें? परदेशी जातींपैकीं ज्या आंतरराष्ट्रीय व्यापार-कराराच्या यादींत आहेत, त्या बाळगणारावर आतां सरकारी नोंदणीचेंही बंधन आहे.

तेव्हां माझें मत स्पष्ट आहे. पाणी आणि जमीन दोन्ही असलेली पेटी अवश्य बांधावी, तींत मासे आणि झाडें ठेवावीं, आणि सरपटणाऱ्यांचें घर अंगणांत, दार नसलेलें करावें.

पेटी ९० सेंटिमीटर लांब, ४० रुंद व ४५ उंच पुरे. तींत २० सेंटिमीटर उंचीची आडवी कांच बसवून मागचा तिसरा हिस्सा जमिनीसाठीं वेगळा करावा. पुढें सुमारें ४८ लिटर पाणी मावतें. सांधे सिलिकॉननें भरावे, पण त्यांत बुरशीनाशक मिसळलेलें नसावें. तें माशांस विष आहे. सांधा आठवडाभर वाळूं द्यावा, मग पाणी भरून दोन दिवस गळती पाहावी. जमिनीच्या कप्प्यांत तळाशीं विटांचे तुकडे, त्यांवर जाळीचें कापड, त्यावर नारळाच्या काथ्याचा भुसा मिसळलेली माती. नेचे, मनीप्लांट व शेवाळ तेथें सुखानें वाढतात. एका लहान पंपानें पाणी दगडावरून ठिबकत खालीं परत येऊं द्यावें. त्या आवाजानें घरास शोभाही येते. दगड, पाणी व कांच मिळून वजन मणाच्या दुपटीपलीकडे सहज जातें, म्हणून लोखंडी तिवई हवी. आजोळच्या शिसवी टेबलाचा मोह नको. विजेची तार आधीं खालीं झुकवून मग भिंतीकडे न्यावी, म्हणजे थेंब ओघळून बटणांत शिरत नाहींत.

नळाच्या पाण्यांत क्लोरिन असतो. तें दिवसभर उघड्या भांड्यांत ठेवून मग वापरावें. आणि पाणी भरल्या दिवशींच मासे आणूं नयेत! माशांच्या मलमूत्रांतील अमोनियाचें आधीं नायट्राइट व मग बरेंच निरुपद्रवी नायट्रेट करणारे सूक्ष्म जंतु दगडा-वाळूवर वसावयास चार ते सहा आठवडे लागतात. चिमूटभर माशांचें खाद्य रोज टाकून ते वाढवावे. ही रिकाम्या पाण्याची वाट पाहणें मुलांना फार जड जातें; पण बहुतेक मासे मरतात ते याच उतावळेपणानें.

नागपुरकरांस खरी अडचण उन्हाळ्याची. वैशाख-ज्येष्ठांत येथील पारा ४५ अंशांच्या वर जातो. २० अंशांच्या पाण्यांत लिटरमागें सुमारें ९ मिलिग्रॅम प्राणवायु विरघळतो, तर ३५ अंशांच्या पाण्यांत ७ च. म्हणजे माशांना श्वासाची गरज जेव्हां अधिक, तेव्हांच तो कमी. पेटी पश्चिमेच्या भिंतीपासून दूर, माजघरासारख्या अंधाऱ्या खोलींत ठेवावी. झाकण कांचेचें न करतां जाळीचें करावें आणि पाण्याच्या पृष्ठावरून लहान पंख्याचा वारा वाहूं द्यावा. वाळ्याच्या ताट्या आणि कूलर ज्या न्यायानें आपलें घर निववितात, त्याच न्यायानें उडणारें पाणी उरलेल्याची उष्णता घेऊन जातें व पेटी कांहीं अंशांनीं थंड होते. उडालेलें पाणी रोज भरावें. बर्फाचे खडे टाकूं नयेत. एकाएकीं झालेला बदल मासे सोसूं शकत नाहींत. मृगाच्या सरी आल्या, कीं हवा दमट होऊन हा उपाय निकामी होतो, पण तोंवर पाणीही निवलेलें असतें.

मासे कोणते? माझी पसंती पट्टेदार झेब्रा डॅनिओला. हा गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांतला, दीड-दोन इंचांचा, काटक आणि सदा धांवणारा मासा. जगांतील प्रयोगशाळांनीं त्यास डोक्यावर घेतलें आहे. त्याची जनुकरचना २०१३ मध्यें प्रसिद्ध झाली, तेव्हां माणसाच्या शेंकडा सत्तर जनुकांस त्याच्यांत जोड सांपडली. या पेटींत आठ-दहा पुरेत. ते उड्या मारतात, म्हणून जाळी आवश्यक. बाजारचें खाद्य बहुधा मासळीच्या भुकटीचें असतें, हें शाकाहारी घरानें आधींच ठाऊक करून घ्यावें.

अंगणांत कडुनिंबाच्या आंतरसावलींत सिमेंटची कुंडी पुरावी, तींत कमळ व चार मासे सोडावे; मासे डांसांच्या अळ्या खातात. शेजारीं सकाळचें ऊन येईल अशा जागीं चारदोन सपाट दगड मांडावे. दगडांची रास रचूं नये, व घराच्या भिंतीस लागून तर मुळींच नको. तेथें उंदीर व त्यांच्यामागें साप येतो. पंधरवड्यांत सरडा मान हलवीत ऊन खाण्यास येतो, पावसाळ्यांत सापसुरळीही दिसते. रात्रीं दिव्यापाशीं पाल हजर असतेच. अमरकोशकारानें तिला ‘गृहगोधिका’, म्हणजे घरांतील लहान घोरपड, असें घरचेंच नांव दिलें आहे. यांना अन्न घालावें लागत नाहीं, नोंदणी लागत नाहीं, आणि मुलांनीं वहींत वेळ व हवा टिपून ठेवली तर त्यांचा दिनक्रम महिन्याभरांत कळूं लागतो.

ज्यांच्या घरीं आधींच कासव आहे त्यांनीं तें फुटाळ्यांत किंवा अंबाझरींत नेऊन सोडूं नये, मग तें देशी असो वा परदेशी. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावें. नागपुरांत सेमिनरी हिल्स येथें वन्य प्राण्यांवर उपचार करणारें विभागाचें केंद्र आहे. नेईपर्यंत पेटींतील पाणी उथळ ठेवावें, वर येण्यास एक दगड असावा, आणि हात लावल्यावर मुलांनीं साबणानें धुवावे.