बाबागाडी

तान्ह्या व लहान मुलांना निजवून अथवा बसवून हाताने ढकलीत नेण्याचे चाकांचे वाहन. मूल ज्याच्या आधाराने चालावयास शिकते, त्या पांगुळगाड्याहून ते भिन्न होय. निजण्याजोगी खोल टोपली असलेली गाडी व केवळ बसण्याची बैठक असलेली गाडी हे तिचे दोन मूळ वर्ग असून आज आढळणारे बहुतेक प्रकार या दोहोंपासून निघालेले आहेत. यांपैकी कोणता प्रकार दीर्घकाळात किफायतशीर ठरतो, हे खरेदीच्या किमतीवरून सांगता येत नाही. मुलाचे वय, गाडीच्या फेऱ्यांची संख्या व सांगाड्याचे आयुष्य यांवर ते अवलंबून असते.

इतिहास : इंग्लंडमधील वास्तुशिल्पज्ञ विल्यम केंट याने १७३३ च्या सुमारास डेव्हनशरच्या तिसऱ्या ड्यूकच्या मुलांसाठी शिंपल्याच्या आकाराची एक गाडी तयार केली. ती बोकडाने अथवा लहान तट्टाने ओढावयाची होती. मागून ढकलण्याच्या गाड्या एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास प्रचारात आल्या. १८८९ मध्ये बॉल्टिमोर येथील विल्यम रिचर्डसन या कृष्णवर्णीय संशोधकाने टोपली फिरवून मुलाचे तोंड ढकलणाऱ्याकडे किंवा रस्त्याकडे करता येईल अशा गाडीचे एकस्व मिळविले. या गाडीची चाके परस्परांपासून स्वतंत्रपणे फिरत असल्याने ती थोड्या जागेत वळविता येई. वेताची किंवा लाकडाची टोपली, पोलादी स्प्रिंगा व मोठी चाके असलेल्या या काळातील गाड्या दणकट, परंतु अतिशय जड होत्या. आया आणि मोठे दिंडीदरवाजे असलेल्या घरांनाच त्या सोयीच्या होत्या.

खरा पालट ओवेन मॅक्लारेन (१९०७–७८) या ब्रिटिश अभियंत्याने घडवून आणला. स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या चाकांच्या यंत्रणेवर त्याने काम केले होते. प्रवासात जड गाडीमुळे आपल्या मुलीची होणारी ओढाताण पाहून निवृत्तीनंतर त्याने ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीप्रमाणे मिटणारी गाडी योजिली. १९६५ मध्ये तिच्या एकस्वासाठी अर्ज झाला आणि १९६७ मध्ये ती विक्रीस आली. तिचे वजन २·७ किग्रॅ.च्या आसपास होते. बस, आगगाडी व जिने यांतून मूल एका हाती व गाडी दुसऱ्या हाती नेणे तिच्यामुळे शक्य झाले. अमेरिकेत १९८४ मध्ये फिल बेक्लर याने तीन मोठ्या चाकांची, मुलाला घेऊन धावण्याची गाडी प्रचारात आणली.

प्रकार व वयोमान : पहिल्या काही महिन्यांत मुलाला मान सावरता येत नाही. पाठ वाकून हनुवटी छातीस टेकल्यास श्वसनमार्ग आवळला जाण्याचा धोका असतो. म्हणून तान्ह्या मुलास सपाट टोपली अथवा जवळजवळ आडवी होणारी बैठक आवश्यक असते. सहा महिन्यांखालील मुलांच्या गाडीत पाठ व बैठक यांमधील कोन निदान १५० अंशांपर्यंत उघडता आला पाहिजे, अशी यूरोपीय मानकाची अपेक्षा आहे. साध्या छत्रीगाडीची झोळीवजा बैठक ही अट पुरी करीत नाही. नवजात मुलासाठी ती घेणे ही काटकसर नव्हे, तर चूक होय.

टोपली व बैठक आलटून पालटून बसविता येणारी संयुक्त गाडी जन्मापासून तीन-चार वर्षांपर्यंत चालते, पण ती महाग असते व बहुधा १० किग्रॅ.हून जड भरते. तिच्यावर मोटारीतील बालआसन अडकविण्याचीही सोय कित्येकदा असते. ही सोय मोटारीतून उतरताना मूल जागे होऊ नये एवढ्यापुरती ठीक आहे; त्या आसनात मुलास तासन्‌तास निजविणे इष्ट नाही. धावण्याच्या गाडीची हवा भरलेली चाके खडबडीत वाटेवर उत्तम चालतात. ती पंक्चर होतात, तर फोमची भरीव चाके पंक्चर होत नाहीत, पण हादरे कमी शोषतात. जुळ्यांच्या गाडीत शेजारी-शेजारी बैठका असल्यास रुंदी दारातून व उद्वाहकातून जाण्याइतकी आहे की नाही, हे आधी मोजावे लागते.

खर्चाचा हिशेब : खरेदीची किंमत व दुरुस्ती यांच्या बेरजेतून पुनर्विक्रीची रक्कम वजा करून बाकीस एकूण फेऱ्यांच्या संख्येने भागल्यास दर फेरीचा खर्च मिळतो. उदाहरणादाखल काही आकडे गृहीत धरू. ४,००० रु.ची छत्रीगाडी दोन वर्षे महिन्यातून चार वेळा वापरून ५०० रु.ना विकली, तर ९६ फेऱ्यांस प्रत्येकी सुमारे ३६ रु. पडतात. २०,००० रु.ची संयुक्त गाडी दोन मुलांसाठी मिळून ५४ महिने, महिन्यास २५ फेऱ्या याप्रमाणे वापरली, दुरुस्तीस २,००० रु. लागले व ती ६,००० रु.ना विकली, तर १,३५० फेऱ्यांचा दर १२ रु.च्या आत येतो. म्हणून महाग गाडी स्वस्त असे म्हणणे मात्र घाईचे होईल. तीच छत्रीगाडी महिन्यास २५ वेळा वापरली व ती दोन वर्षे टिकली, तर दर ६ रु.च्या आत उतरतो. ती दर आठ महिन्यांनी मोडून तीन गाड्या घ्याव्या लागल्या व मोडकी गाडी विकता आली नाही, तर तो २० रु. होतो. सारांश, रोजच्या वापराच्या गाडीत टिकाऊपणास पैसे मोजणे योग्य. क्वचित वापराच्या गाडीत ते वाया जातात. टप, पेला ठेवण्याची कडी, पावसाळी आच्छादन यांसारख्या वेगळ्या घ्याव्या लागणाऱ्या जोडवस्तूंची बेरीजही आरंभीच करावी. दुकानातील किमतीत ती बहुधा नसते.

महाराष्ट्रातील शहरांत अखंड पदपथ दुर्मीळ असून उद्वाहक नसलेल्या इमारतीही पुष्कळ आहेत. अशा ठिकाणी मोठी गाडी जिन्याखाली पडून राहते. पहिले सहा महिने मुलास कडेवर अथवा अंगास बांधावयाच्या झोळीत न्यावे व त्यानंतर हलकी, पण चांगल्या बांधणीची मिटती गाडी घ्यावी, हा क्रम पुष्कळ कुटुंबांना परवडणारा आहे. बाग व प्रशस्त रस्ते असलेल्या वसाहतींत किंवा परदेशी राहणाऱ्यांच्या बाबतीत हिशेब निराळा होतो.

जुनी गाडी : वापरलेली गाडी घेणे हा सर्वांत स्वस्त मार्ग असला, तरी ती तपासून घ्यावी लागते. मिटण्याच्या बिजागऱ्यांत मुलांची बोटे सापडून तुटल्याच्या तक्रारींमुळे २००९ मध्ये अमेरिकेत सुमारे १० लाख छत्रीगाड्यांसाठी बिजागऱ्या झाकण्याची आवरणे पुरवावी लागली. तेव्हा उघडझाप करताना मूल दूर ठेवावे व बिजागऱ्या झाकलेल्या आहेत ना हे पाहावे. उघडल्यावर खटका पक्का बसतो का, उतारावर ब्रेक दोन्ही मागील चाके धरतो का, खांदे, कंबर व मांड्यांमधून जाणारा पाच टोकांचा पट्टा शाबूत आहे का आणि रिव्हेटांभोवती नळ्यांना चिरा गेल्या आहेत का, हेही पाहावे. कापड फाटले असल्यास शिंपी ते शिवून देतो. चिरलेल्या नळीस मात्र डाग देऊन भागत नाही. अपघात झालेल्या मोटारीतील बालआसन वरून धड दिसले तरी आतून तडकलेले असू शकते. म्हणून ज्याचा पूर्वेतिहास ठाऊक नाही असे आसन गाडीबरोबर फुकट मिळाले तरी वापरू नये.